सीट कापायच्या आधी गिअर-ब्रेक पायाच्या मापात आणा

माझी उंची चार फूट अकरा इंच आणि पाऊल साडेबावीस सेंटीमीटर. औसा-निलंगा भागातल्या अंगणवाड्या बघत फिरणं हे माझं काम, आणि त्यासाठी मी मोटारसायकल चालवते. स्कूटी का नाही, हे पावसाळ्यात आमच्या शिवाररस्त्यानं एकदा येऊन बघा. काळ्या रानातला गारा बारक्या चाकाला धरला की चाक फिरतच नाही. मोटारसायकलचं मडगार्डही भरतं, पण काडीनं उकरून पुढं निघता येतं.

गाडी घेतली तेव्हा पहिला सल्ला मिळाला तो सीटचा. "ताई, सीट कापून टाकू की, दोन इंच खाली येतंय बघा." मीही कापून घेतली. पाय टेकायला लागले खरे, पण फोम गेल्यामुळं वीस किलोमीटरमध्ये कंबर बोलायला लागली आणि गिअरची कटकट होती तिथंच राहिली. दुसऱ्याचा तिसरा करताना चवडा लिव्हरखाली शोधत बसायचं, ब्रेक मारायचा तर अख्खा पाय फुटरेस्टवरून उचलायचा. त्यात जो क्षण जातो, तेवढ्यात उसाची ट्रॉली समोर आलेली असते.

मग कळलं की जमिनीला पाय पुरायचा प्रश्न गाडी थांबल्यावरचा आहे. गिअर आणि ब्रेक मात्र चालत्या गाडीवर, दर मिनिटाला लागतात. कारखान्यातून ते आठ-नऊ नंबरचा बूट घालणाऱ्या मध्यम उंचीच्या माणसाच्या हिशोबानं बसून येतात. आपला पाय लहान असेल तर ते हलवून घ्यायची सोय बहुतेक गाड्यांत मुळातच असते. त्याला पैसे लागत नाहीत, नट-बोल्टचे दोन पाने आणि दोन मोकळ्या सकाळी लागतात. म्हणून नवीन शिकणाऱ्या बुटक्या माणसाला मी सांगते, बाई असो की बाप्या, सीटला कात्री लावायच्या आधी हे करा.

आधी पाय कुठं पडतो ते बघा

गाडी फरशीवर किंवा सपाट सिमेंटवर डबल स्टँडला लावा. मातीत लावू नका, स्टँड एका बाजूनं रुततं. डबल स्टँड नसेल तर कुणालातरी समोरून हँडल धरून उभं करा. रोज गाडी चालवताना पायात जे असतं तेच घाला. हे फार महत्त्वाचं आहे. चपलेवर माप घेऊन बुटावर गाडी चालवली तर सगळा हिशोब फसतो. माझं स्पष्ट मत विचाराल तर चपलेवर गाडी चालवूच नका. टाच असलेला, चवड्याकडं फार जाड नसलेला बंद बूट घ्या. टाचेची कड फुटरेस्टला अडकते आणि पाय पुढं घसरत नाही. लहान पावलाला त्या अडकण्याचा फार आधार असतो.

आता सीटवर रोजच्यासारखं बसा. पुढं टाकीला चिकटून नको, आणि फोटोसाठी बसल्यासारखं ताठही नको. दोन्ही पाय फुटरेस्टवर ठेवा, पावलाची कमान फुटरेस्टवर येऊ द्या. डोळे मिटून पाय सैल सोडा. घरातल्या कुणालातरी दोन्ही बाजूंनी, फुटरेस्टच्या उंचीला मोबाइल धरून फोटो काढायला सांगा. वरून वाकून बघितलं तर कळत नाही, कारण वाकलं की पाय हलतो.

फोटोत दोन गोष्टी बघायच्या. डावीकडं, चवड्याच्या वरच्या भागात आणि गिअर लिव्हरच्या रबरात किती फट आहे? बोटभर असेल तर ठीक, दोन-तीन बोटं असेल तर लिव्हर तुमच्या पायाला उंच आहे. उजवीकडं, ब्रेक पायडलची वरची बाजू तुमच्या तळव्याच्या किती वर आहे? ती तळव्याच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, म्हणजे फुटरेस्टवरून पाय न उचलता नुसता घोटा वाकवून ब्रेक लागतो. पाय उचलून ब्रेक मारावा लागत असेल तर मांडीच्या जोरावर ब्रेक लागतो, आणि मांडीला बारीक जोर कळत नाही. एकतर लागतच नाही, नाहीतर मागचं चाक जाम होऊन घसरतं.

आखूड पायाच्या माणसाचं बहुतेक वेळा असंच होतं. फुटरेस्टपर्यंत पाय जेमतेम पोचतो, त्यामुळं चवडा खाली झुकलेला राहतो आणि दोन्ही पायडल उंच वाटतात. म्हणजे दोन्ही थोडे खाली घ्यायचे. सगळ्यांचंच असं असतं असं नाही. माझ्या सहकारी बाईंनी सीट कापल्यावर त्यांचा गुडघा जास्त वाकला, चवडा वर आला आणि त्यांना उलट गिअर वर घ्यावा लागला. म्हणून दुसऱ्याच्या गाडीची नक्कल करू नका, फोटो तुमचाच हवा.

गिअर लिव्हर

सुरुवात गिअरपासून करा, ब्रेक दुसऱ्या दिवशी. गिअर चुकला तर गाडी गुरगुरते, ब्रेक चुकला तर काय होतं ते सांगायला नको. आणि दोन्ही एकाच दिवशी बदलले की कशामुळं काय झालं ते उमगत नाही.

तुमची गाडी कोणत्या जातीची आहे ते आधी ओळखा. इंजिनमधून बाहेर आलेल्या दांड्यावर लिव्हर थेट बसवलेली असेल तर ती साधी जात. लिव्हर फुटरेस्टजवळ आणि तिथून एक बारीक रॉड पुढं इंजिनकडं गेला असेल तर ती रॉडवाली.

साध्या जातीत पुढं-मागं दोन्हीकडं पाय ठेवायची जागा असलेली लिव्हर जास्त दिसते. इथं तुम्ही गिअर टाकता कसे, याचा विचार आधी करा. स्प्लेंडरसारख्या गाडीत चारही गिअर पुढं दाबून पडतात आणि टाचेनं मागं दाबलं की उतरतात. पल्सर १५० मध्ये पहिला खाली आणि बाकीचे वर. लहान पावलाच्या माणसाची टाच मागच्या पट्टीपर्यंत पोचत नाही, त्यामुळं तो चवडा लिव्हरखाली घालून उचलतो. असं करत असाल तर मागची पट्टी विसरून जा आणि फक्त पुढच्या टोकाची उंची धरा. टाच वापरत असाल तर लक्षात ठेवा, हे तराजूच्या दांडीसारखं आहे. पुढचं टोक खाली गेलं की मागचं वर येणार, आणि टाच तेवढी जास्त उचलावी लागणार.

लागणारं सामान: दहाचा पाना, शक्यतो टी-पाना किंवा सॉकेट. एक जुना टूथब्रश, थोडं रॉकेल किंवा डिझेल, चपटा स्क्रू-ड्रायव्हर, आणि पांढरा ऑइलपेंट किंवा नेलपॉलिश.

आधी धुवून घ्या. आमच्याकडं त्या बोल्टवर काळी माती वाळून सिमेंटसारखी बसलेली असते. तिच्यावरच पाना लावला की पाना अर्धवट बसतो, घसरतो आणि बोल्टचं डोकं गोल होतं. एकदा डोकं गोल झालं की मिस्तरीकडं वेल्डिंगपर्यंत प्रकरण जातं. ब्रशनं घासा, रॉकेल सोडा, दहा मिनिटं थांबा, चहा प्या.

मग खूण करा. दांड्याच्या टोकावर आणि लिव्हरवर मिळून एक सरळ रेघ नेलपॉलिशनं ओढा. जमलं नाही तर परत मूळ जागी यायला ही रेघच उपयोगी पडते.

आता बोल्ट. इथं नवखी माणसं अडतात. बोल्ट ढिला केला, लिव्हर ओढली, येत नाही, मग हातोडी घेतात. हातोडी ठेवून द्या. बऱ्याच गाड्यांत दांड्यावर एक गोल खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून आडवा जातो, म्हणजे लिव्हर चुकून निसटू नये. त्यामुळं बोल्ट ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. काढल्यावर लिव्हरच्या चिरेत स्क्रू-ड्रायव्हर हलकेच घालून ती केसभर उघडा आणि दोन्ही हातांनी सरळ बाहेर ओढा. ठोकलं तर तो ठोका दांड्यावरून इंजिनच्या आत जातो, ऑइल सील दुखावतं आणि महिन्याभरात खाली तेलाचा डाग दिसायला लागतो.

लिव्हर हातात आली की आत बारीक उभे दाते दिसतील, तसेच दांड्यावरही. ते टूथब्रशनं स्वच्छ करा. मग लिव्हर फक्त एक दात खाली फिरवून परत घाला. एकच दात. एका दातात टोक दोनेक सेंटीमीटर हलतं, गाडीप्रमाणं कमी-जास्त, आणि ते पायाला भरपूर वाटतं. घालताना लिव्हर पूर्ण आत गेली पाहिजे. बोल्टचं भोक आणि दांड्यावरची खाच समोरासमोर आली की बोल्ट हातानं सरकतो. हातानं जात नसेल तर लिव्हर अजून आत जायची आहे, पान्यानं रेटू नका.

बोल्ट आवळताना जोर किती? बारीक बोल्ट आहे, साधारण १० ते १२ न्यूटन-मीटरचा. टॉर्क पाना कुणाच्या घरी असणार? म्हणून असं करा: आखूड पाना घ्या, त्याला मनगटाचा जोर द्या, दंडाचा नको. अॅल्युमिनियमच्या लिव्हरचे आटे एकदा गेले की नवीन लिव्हरच घ्यावी लागते.

तपासणी डबल स्टँडवर, इंजिन बंद ठेवून. एका हातानं मागचं चाक फिरवत राहा आणि दुसऱ्या हातानं लिव्हर दाबत-उचलत सगळे गिअर टाकून बघा. चाक फिरवल्याशिवाय इंजिन बंद असताना गिअर नीट पडत नाहीत, त्यामुळं घाबरू नका. बघायचं ते एवढंच की लिव्हर खाली जाताना फुटरेस्टला किंवा साईड स्टँडला आणि वर जाताना इंजिनच्या कव्हरला अडत नाही. क्रॅश गार्ड बाहेरून बसवलेला असेल तर बुटासकट पाय घालून बघा, तिथं जागा कमी पडते.

रॉडवाल्या गाडीत काम सोपं आणि बारीक. रॉडच्या दोन्ही टोकांना एकेक लॉकनट (रॉड आपोआप फिरू नये म्हणून आवळलेला नट) असतो, आणि त्यातल्या एका टोकाचे आटे उलटे असतात. दोन्ही लॉकनट ढिले करून मधला रॉड बोटांनी फिरवला की रॉड लांब-आखूड होतो आणि लिव्हर वर-खाली होते. अर्धा फेर फिरवा, पाय घालून बघा, पुन्हा अर्धा. दातांची जात एकदम उडी मारते, इथं मिलिमीटरनं खेळता येतं. फक्त एक सांभाळा. रॉडचे आटे दोन्ही टोकांत निदान सहा-सात मिलिमीटर आत राहिले पाहिजेत. जास्त बाहेर काढलं तर रस्त्यात खड्ड्याला रॉड निसटतो आणि ज्या गिअरमध्ये असाल त्याच गिअरमध्ये घरी यावं लागतं.

एक स्वस्तातला उपाय सांगून ठेवते. लिव्हर खाली घेतल्यावरही चवडा आणि रबर यांत थोडी फट राहिली, तर लिव्हरवरचं झिजलेलं रबर बदलून जाड बसवा. पाच-सहा मिलिमीटर तिथंच मिळतात. उलट पावसाळ्यात बुटाला गारा चिकटून चवडाच जाड होतो आणि लिव्हरखाली जात नाही. तेव्हा लिव्हरला शिव्या न देता फुटरेस्टच्या कडेला बूट खरवडायचा.

ब्रेक पायडल

आता उजवी बाजू. इथं सांगितलेला क्रम मोडायचा नाही: आधी पायडलची उंची, मग मागच्या नटानं चाल (म्हणजे ब्रेक धरायच्या आधी पायडल जेवढा मोकळा दबतो ती), मग ब्रेकलाइटचा स्विच. का, ते माझ्याच फजितीवरून सांगते.

पहिल्यांदा मी पायडल खाली घेतला आणि खुशीत निघाले. औसा सोडून पाच-सहा किलोमीटर गेले असेन, गाडी ओढत नाही असं वाटायला लागलं. मे महिना, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीचं ऊन, म्हटलं इंजिन तापलं असेल. मग जळका वास आला. थांबून मागच्या ड्रमजवळ, म्हणजे चाकाच्या मधोमध ब्रेकचा डबा असतो तिथं, हात नेला तर हात न लावताच धग लागली. पाण्याची बाटली ओतायला निघाले होते, तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाले काका ओरडले, "पाणी नको टाकू बाई, ड्रम चिरंल!" तासभर लिंबाखाली बसले. चूक माझीच होती. पायडल खाली घेणं म्हणजे ब्रेक थोडा दाबून ठेवण्यासारखंच आहे. पायडल खाली गेला की ब्रेक रॉड पुढं ओढला जातो आणि मोकळी चाल संपते. मागचा नट तेवढा ढिला करायला पाहिजे होता, तो मी केला नाही, आणि लायनर, म्हणजे आतून ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, सगळ्या रस्त्यानं ड्रमला घासत राहिले.

तर ड्रम ब्रेकच्या गाडीत असं करा. पायडलच्या मुळाशी, फुटरेस्टच्या आतल्या बाजूला एक छोटा बोल्ट आणि त्यावर लॉकनट दिसतो का बघा. पायडल विसावतो तो त्या बोल्टवर. लॉकनट ढिला करा, बोल्ट फिरवा, पायडल वर-खाली होतो. सगळ्या गाड्यांना हा बोल्ट नसतो. तुमच्या गाडीला नसेल तर उंचीचा नाद सोडा आणि फक्त चाल नीट करा. पाइप घालून किंवा तापवून पायडल वाकवून देणारे मिस्तरी भेटतील. नको म्हणा. तापवलेलं लोखंड कुठं कच्चं झालं ते डोळ्यांना दिसत नाही, आणि ब्रेकचा पायडल ही ते रस्त्यावर कळून घ्यायची गोष्ट नाही.

उंची किती कमी करायची? पहिल्यांदा बोटाच्या एका पेराच्या निम्म्याहून जास्त नको. फार खाली घेतला तर पूर्ण दाबल्यावर पायडल फुटरेस्टच्या लोखंडाला किंवा सायलेन्सरला टेकतो आणि तिथून पुढं ब्रेक लागतच नाही. म्हणून लॉकनट आवळल्यावर पायडल हातानं पूर्ण जोरात दाबून बघा, खाली मोकळी जागा राहिली पाहिजे.

मग मागं चाकाजवळ या. ब्रेक रॉडच्या टोकाला एक नट असतो, बऱ्याच गाड्यांना चौदाचा पाना लागतो. तो ढिला केला की चाल वाढते, आवळला की कमी होते. या नटाच्या एका बाजूला अर्धगोल खाच असते, ती ब्रेक आर्मच्या (ड्रमबाहेरच्या दांडीच्या) पिनेवर बसते. त्यामुळं नट अर्ध्या-अर्ध्या फेरात फिरवायचा आणि दर वेळी खाच पिनेवर 'टक' करून बसली की नाही ते बघायचं. अधेमधे राहिला तर पहिल्या खड्ड्यात आपोआप बसतो आणि चाल बदलते.

चाल मोजायची पद्धत अशी. पायडलच्या टोकाशी पट्टी उभी धरा. बोटानं हलकेच दाबा. ब्रेक धरायला लागतो तिथपर्यंत टोक किती खाली गेलं ते बघा. बहुतेक ड्रम ब्रेकच्या गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर सांगितलेलं असतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा असेल तो खरा. लहान पायाला चाल वीसच्या जवळ ठेवलेली बरी, घोटा कमी वाकवावा लागतो. पण वीसच्या आत जायचा मोह टाळा. आणि चाल बरोबर आहे की नाही याचा पक्का पुरावा म्हणजे मागचं चाक: डबल स्टँडवर हातानं फिरवलं की आवाज न करता मोकळं फिरलं पाहिजे.

नट आवळत-आवळत रॉडचे आटे संपत आले असतील तर दोष तुमच्या पायाचा नाही, लायनर संपलेत. ब्रेक आर्मजवळ एक बाण आणि प्लेटवर एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला गेला तर लायनर बदला. आर्म एक दात सरकवून अजून महिनाभर चालवणारे आहेत, त्यांच्यात जाऊ नका.

शेवटी स्विच. उजव्या बाजूला, पायडलकडून आलेल्या स्प्रिंगला अडकवलेला बारका स्विच दिसतो. पायडल खाली घेतला की ही स्प्रिंग ताणली जाते आणि मागचा लाल दिवा कायम लागून राहतो. तो कायम लागला की मागच्याला तुम्ही ब्रेक मारताय की नाही ते कळतच नाही. चावी चालू करून स्विचचा प्लास्टिकचा नट फिरवा. नटच फिरवा, स्विच नाही. स्विच फिरला तर मागं वायरींचा पीळ पडतो आणि त्या तुटतात. ब्रेक धरायच्या किंचित आधी दिवा लागला की झालं.

मागचा ब्रेक डिस्कचा असेल तर वरचं सगळं लागू होत नाही. तिथं पायडल आणि मास्टर सिलिंडर (ब्रेकचं ऑइल दाबणारं नळकांडं) यांच्यामध्ये एक पुशरॉड असतो, त्याच्या लॉकनटनं उंची बदलते. पण पुशरॉडला थोडी मोकळीक राहिलीच पाहिजे. ती संपली तर सिलिंडरमधलं परतीचं भोक झाकलेलं राहतं, ऑइल तापून फुगतं, त्याला मागं जायला वाट मिळत नाही आणि ब्रेक आपोआप आवळत जातो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर होतं. म्हणून डिस्कवाल्यांनी हे काम मिस्तरीकडून करून घ्यावं, आणि "पायडल एवढा खाली पाहिजे, पण पुशरॉडला मोकळीक ठेवा" असं शब्दांत सांगावं.

तेच कॉम्बी ब्रेकच्या गाड्यांचं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची सोय) आणि त्याच्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. कॉम्बी ब्रेकमध्ये मागचा पायडल दाबला की तारेनं पुढचा ब्रेकही थोडा लागतो. मागची चाल बदलली की पुढच्या-मागच्याचा मेळ बिघडू शकतो. मागचा नट थोडाफार फिरवणं वेगळं, पण पायडलची उंची बदलायची असेल तर दोन्हीकडची चाल बघणारा माणूस हवा.

अंगणात, मग रस्त्यावर

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून. गाडी हातानं ढकलत चाला आणि पायडल हातानं दाबा, चाक थांबतं का बघा. सोडल्यावर लगेच मोकळं होतं का बघा. मग शाळेचं मैदान किंवा खळं, दहा-पंधराच्या वेगानं, पाचसहा वेळा थांबून. मग डांबरीवर किलोमीटर-दोन किलोमीटर, शक्यतो ब्रेक न वापरता. उतरून ड्रमजवळ हात न्या. लावू नका, नुसता जवळ न्या. धग लागली तर नट अर्धा फेर ढिला करायचा.

गिअरला चार-पाच दिवस द्या. जुन्या सवयीनं पाय जुन्याच जागी जातो आणि पहिल्या दिवशी "हे बिघडलं" असं वाटतं. पाचव्या दिवशीही चवडा दुखत असेल, तर मात्र मूळ खुणेकडं परत जा.

सलवारीची मोहरी ब्रेक पायडलच्या टोकात अडकते हे कुणी सांगत नाही. पायडल खाली घेतल्यावर तर जास्तच. घोट्याजवळ साधं रबर लावा. साडीवर चालवणाऱ्यांनी साडी गार्ड काढून टाकू नये. तो मागं बसणाऱ्यासाठी नियमानंच दिलेला आहे, पण पदर चालवणाऱ्याचाही उडतो.

आणि जमिनीला पाय?

आता त्याच्याकडं या. दोन्ही पाय सपाट टेकायची गरज नसते. थांबताना डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. म्हणून तर ब्रेक मापात हवा. आमच्याकडं खरी अडचण साईडपट्टीची आहे. डांबराची कड चार-सहा बोटं उंच आणि खाली माती. डाव्या कडेला थांबलात की डावा पाय त्या खड्ड्यात जातो आणि गाडी तुमच्यासकट डावीकडं कलते. मी दोनदा पडले आहे, दोन्ही वेळा उभ्या गाडीवरून. कडेपासून हातभर आत, डांबरावर थांबा, किंवा पूर्ण खाली उतरून थांबा. मधे थांबायचं नाही.

मागचे शॉकअप सर्वांत मऊ खाचेवर आणले तर हलक्या माणसाखाली गाडी थोडी आणखी बसते. टूलकिटमधल्या सी-पान्यानं होतं, दोन्ही बाजूंना सारखीच खाच ठेवा. मागं माणूस किंवा पोतं असेल तेव्हा परत वर घ्या. पुढचे फोर्क सरकवून गाडी खाली करणं मी करत नाही. तसं केलं की साईड स्टँडवर गाडी सरळ उभी राहते आणि वाऱ्यानंही पडते.

अजून गाडी घ्यायचीच असेल तर सीटची उंची बघून घ्या. स्प्लेंडर प्लसची ७८५ मिलिमीटर, क्लासिक ३५० ची ८०५, अॅव्हेंजर २२० ची ७३७. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. सीट मांडीखाली रुंद असेल तर कमी उंचीची गाडीही पाय फाकवते. शोरूममध्ये बसून, बूट घालून, गिअर आणि ब्रेकवर पाय ठेवून बघा. विकणारा घाई करत असेल तर करू द्या.

नंतर

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर गिअरचा बोल्ट एकदा आवळून बघा. चेन ताणली की मागचं चाक मागं सरकतं आणि त्याबरोबर ब्रेक रॉडही ताणला जातो, त्यामुळं चेनचं काम झालं की ब्रेकची चाल परत मोजा. पावसाळा संपला की ब्रेक पायडलच्या मुळाशी ग्रीस भरून घ्या. जोराच्या पाण्यानं धुतलेल्या गाडीचं ते ग्रीस निघून जातं, मग पायडल दाबल्यावर वर यायला आळस करतो आणि मागचा दिवा लागून राहतो.

आणि सर्विसिंगहून गाडी आली की लगेच निघू नका. तिथली पोरं धुताना-पुसताना सगळं आपल्या पायाच्या हिशोबानं आवळून देतात, त्यांचा काही वाईट हेतू नसतो. मी गेटच्या बाहेरच गाडी डबल स्टँडला लावते, खाली वाकून नेलपॉलिशची दुसरी रेघ बघते, म्हणजे माझ्या मापाची, लाल रंगाची. पहिली पांढरी, कंपनीची. दोन्ही रेघा जागेवर दिसल्या की चाक एकदा हातानं फिरवते आणि मगच चावी लावते.